फौजी म्हटलं की गार्डचीच नोकरी का?

आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पेन्शनवर आलेल्या फौजीला नोकरी शोधत फिरावं लागत नाही, नोकरीच त्याचा पत्ता काढत येते. अडचण एवढीच की ती एकाच साच्याची असते. उद्यमबागेतल्या कारखान्याचं गेट, बँकेच्या दारातला बंदूकवाला, कुठल्या तरी कॉलेजचा सिक्युरिटी सुपरवायझर. २०२२ मध्ये मी हवालदार म्हणून बाहेर पडलो, तेव्हा ट्रंक अजून उघडायची होती आणि ओळखीपाळखीच्या माणसांकडून असले निरोप यायला लागले होते. सगळ्यांचं पालुपद एकच, "मिलिटरीचा माणूस पाहिजे, शिस्त असते."

गेटवर उभं राहण्यात कमीपणा नाही. माझ्याच गल्लीत त्या पगारावर मुलींना नर्सिंग, इंजिनिअरिंग शिकवलेली माणसं आहेत. माझं दुखणं वेगळं होतं. मी कोअर ऑफ सिग्नल्सचा, म्हणजे फौजेचे फोन-रेडिओ सांभाळणाऱ्या शाखेचा. बंदूक चालवली ती बहुतेक फायरिंग रेंजवर. रोजचं काम म्हणजे एक्सचेंज, रेडिओ, बॅटऱ्यांचं चार्जिंग, जनरेटर, जमिनीखालून आणि झाडांवरून नेलेली केबल, आणि पुढं पुढं ऑप्टिकल फायबर (उजेडावर निरोप नेणारी काचेची तार), राउटर, स्विच (कम्प्युटरची जाळी जोडणारी यंत्रं). बर्फ पडत असताना लाइन बंद झाली की ती नेमकी कुठं तुटली ते शोधायचं आणि उजाडायच्या आत बोलणं सुरू करून द्यायचं. एवढी वर्षं हे केल्यावर माणसात फक्त शिस्तच उरते का? पुढची सगळी धडपड या एका प्रश्नापायी झाली.

बेळगावात तर हे समीकरण जास्तच घट्ट बसलंय. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं फौजी म्हणजे इन्फंट्रीवाला हे लोकांनी धरूनच ठेवलेलं. मी भरती झालो बेळगावातच, पण ट्रेनिंगला गेलो जबलपूरला, सिग्नलच्या सेंटरला. 'तीव्र चौकस' हे आमच्या कोअरचं ब्रीद. घरात त्यातलं काही कुणाला कळायचं नाही. आई बरीच वर्षं शेजारणींना सांगायची, "आमचं पोरगं मिलिटरीत फोनचं काम करतंय." आता मागं वळून बघितलं तर माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन पुढं कुठल्याच अधिकाऱ्यानं किंवा एचआरनं केलं नाही.

तयारी मात्र बाहेर पडल्यावर सुरू केली नव्हती, आणि हे पहिल्यांदा सांगतो कारण सगळ्यात जास्त फोन याच मुद्द्यावर येतात. सैनिकाला पेन्शन बसायला किमान १५ वर्षं सेवा लागते. ती १५ वर्षं भरत आली की बॅरेकमधल्या गप्पा बदलतात. कुणी घराचा प्लॅन काढून दाखवतो, कुणी ट्रॅक्टरच्या किमती विचारतो. मी त्या सुमाराला इग्नूच्या बीसीएला नाव घातलं. तीन वर्षांचा कोर्स, पण सहा वर्षांपर्यंत पुरा करता येतो, आणि पोस्टिंग बदलत राहणाऱ्या माणसाला ही सवलत देवासारखी पावते. परीक्षेच्या तारखा आणि सुट्टी जुळवणं हा त्यातला खरा अवघड विषय होता; डेटा स्ट्रक्चर त्यापुढं सोपं. एकदा सुट्टी मंजूर झाली ती घरातल्या लग्नासाठी, आणि मी ती घालवली परीक्षा केंद्राच्या गावी लॉजमध्ये. त्या लग्नातला रुसवा अजून फिटलेला नाही.

डिग्रीच कशाला, असं एका उस्तादांनी विचारलं होतं. फौजेत दहावी आणि १५ वर्षांची सेवा झाली की पदवीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळतंच की. मिळतं, बरोबर आहे. पण ते चालतं केंद्र सरकारच्या गट 'क' मधल्या अशा जागांना, जिथं पदवी लागते पण तांत्रिक शिक्षणाची अट नसते. खासगी कंपनीच्या ऑनलाइन अर्जात 'पदवी' म्हणून एक रकाना असतो, त्यात विद्यापीठ आणि विषय भरायचा असतो. तिथं हे प्रमाणपत्र घेऊन बसलात तर अर्ज माणसाच्या हातात पोहोचायच्या आधीच गळतो. कम्प्युटरच्या कामाला डिग्री लागतेच असं मी म्हणणार नाही, आमच्या टीममध्ये डिप्लोमावाले उत्तम काम करतात. पण चाळिशी जवळ आलेल्या, आडनावापुढं 'एक्स-सर्व्हिसमन' लागलेल्या माणसाला दार उघडून घ्यायला काहीतरी हातात असावं लागतं.

निवृत्ती जवळ आली की पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स असतात. जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांना त्याची फी पडत नाही, खर्च सरकार करतं. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी सिक्युरिटीचा किंवा बेसिक कम्प्युटरचा घेतला, काहींनी घराजवळ सेंटर मिळतंय एवढ्यावरच निवड केली. मी नेटवर्किंगचा मागून घेतला. कोर्स बरा होता, त्याहून जास्त काही म्हणवत नाही. शिकवणारा मुलगा चांगला होता, पण वर्गातल्या निम्म्या लोकांना प्रमाणपत्र हवं होतं आणि उरलेल्यांना घरी जायचं होतं. त्याचा खरा फायदा असा झाला की काय काय येत नाही याची यादी हातात आली.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरचं खातं, उपचारासाठीचं ईसीएचएस कार्ड, बेळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयात नोंद आणि ओळखपत्र. आमच्याकडं एक गंमत मात्र आहे. माझा मावसभाऊ चंदगड तालुक्यातला. बाजारहाटाला, दवाखान्याला बेळगावातच येतो, आमची सोयरीकही इकडं-तिकडं सारखीच. पण तो महाराष्ट्राचा, त्याचं सैनिक कार्यालय कोल्हापूरला, योजना वेगळ्या, फॉर्म मराठीत. माझे फॉर्म कन्नडमध्ये. फौजेत हिंदीत आयुष्य गेलेलं, शाळा मराठी, त्यामुळं कन्नड वाचायला मी पोराच्या पुस्तकावरून शिकलो. राज्य सरकारच्या परीक्षा द्याव्यात असा विचार आला होता, पण तिथला सक्तीचा कन्नड पेपर बघून ती वाट सोडून दिली. आयटीत निदान सगळ्यांनाच इंग्रजी परकं.

मग घरी बसलो. म्हणजे गावाच्या भाषेत 'घरी बसलो', खरं म्हणजे दिवसातले बरेच तास माडीवर अभ्यास करत होतो. सीसीएनए, म्हणजे नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा, करायची ठरवलं होतं. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्क्रीनवरच नेटवर्क उभं करता येतं. शिवाय एक जुना स्विच आणि राउटर सेकंडहँड घेऊन आलो. त्या स्विचचा पंखा इतका आवाज करायचा की खालून विचारणा व्हायची, "वर गिरणी घातलास काय गा?" पावसाळ्यात खानापूर भागातली लाइट म्हणजे आली तर आली, त्यामुळं आधी इन्व्हर्टर घ्यावा लागला. बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग हे सगळं मात्र अंगात मुरलेलं होतं, त्याला मिस्त्री बोलवावा लागला नाही.

अभ्यासात मला सगळ्यात आधी वश झालं ते सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांची वाटणी, जी बहुतेकांना रडवते. कारण आम्ही शेतकरी. शेताची वाटणी केली की प्रत्येक वाटणीला बांध घालावा लागतो आणि बांधात जमीन जाते. आयपी पत्त्यांचंही, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांच्या नंबरांचंही, तसंच. २५६ पत्त्यांचा एकच तुकडा ठेवला तर त्यातले २५४ वापरता येतात. त्याच्या चार वाटण्या केल्या तर प्रत्येकीत ६४, आणि वापरायला ६२, कारण दर तुकड्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. वाटण्या वाढवाल तितके बांध वाढणार. हे एकदा डोक्यात बसल्यावर पुढचा हिशेब बोटांवर करता यायला लागला.

जड गेलं ते इंग्रजी. बोलायचं नव्हे, वाचायचं. परीक्षेत १२० मिनिटं, आणि एकदा पुढं गेलं की मागच्या प्रश्नाला परत येता येत नाही. फौजेतल्या लेखी परीक्षांना आम्ही सोपे आधी, अवघड शेवटी या पद्धतीनं जायचो. इथं ती सोयच नाही. लांबलचक प्रश्नातलं 'नाही' किंवा 'वगळता' नजरेतून सुटलं की गेला. म्हणून मी शेवटचे काही आठवडे नवीन काही वाचलंच नाही, फक्त घड्याळ लावून प्रश्न वाचायची सवय केली. पास झालो. मार्क सांगण्यासारखे नाहीत, पण त्या प्रमाणपत्रावर मार्क लिहीत नाहीत हे एक बरं आहे. तीन वर्षांनी ते पुन्हा नवं करावं लागतं, ही मात्र लोकांना आधी न सांगितली जाणारी गोष्ट.

यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बायोडेटा.

निवृत्त होणाऱ्यांमध्ये एक तयार नमुना फिरत असतो. आधी नंबर, रँक, नाव; मग 'शिस्तप्रिय, प्रामाणिक, कष्टाळू, कोणत्याही ठिकाणी काम करण्यास तयार'; मग मिळालेली मेडलं; आणि शेवटी बंदुकीचं लायसन्स आहे की नाही. मीही तोच भरला होता. आमच्या नात्यातली एक मुलगी पुण्यात एचआरमध्ये आहे, तिला दाखवला. तिनं वाचून विचारलं, "काका, यात तुम्ही काय दुरुस्त करत होता ते कुठं आहे?"

आता इथं एक खरी अडचण येते. युनिटचं नाव, ठिकाण, कुठल्या साधनावर कुठलं संपर्काचं जाळं चालतं, हे लिहायचं नसतं. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट वर्दी उतरवली म्हणून सुटत नाही. मग लिहायचं काय? त्या मुलीबरोबर आणि पुढं एका सिनिअर सिग्नलवाल्या साहेबांबरोबर बसून जे जमलं ते असं: ठिकाण नाही, काम लिहायचं. किती माणसांची पाळी सांभाळली, फायबर जोडणी आणि तपासणी हातानं केली आहे का, ओटीडीआर (फायबर कुठं बिघडलं ते दाखवणारं यंत्र) वाचता येतो का, चोवीस तास चालणाऱ्या यंत्रणेची देखभाल कशी नोंदवायचो, वीज गेल्यावर बॅकअप किती टप्प्यांचा होता, नवीन मुलांना काय शिकवलं. यातलं काहीही गुपित नाही आणि सगळं खरं आहे. 'शिस्त' हा शब्द आम्ही पुरता काढून टाकला. मला सुरुवातीला तो काढताना कसंनुसं झालं, जणू मेडल उतरवून ठेवतोय. पण तो काढल्यावरच सिक्युरिटी सोडून दुसरे फोन यायला लागले.

पुणं की बेंगळूर, हा आमच्याकडच्या प्रत्येक घरातला वाद. बेळगावात व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यात आयटी आणायचं म्हणून सरकारचा 'बियाँड बेंगळुरू' कार्यक्रमही आहे. पण रविवारी रात्री बसस्टँडवर आणि हायवेवर उभं राहून बघा, पोरं कुठं चाललीत ते कळतं. बेंगळूर जवळपास पाचशे किलोमीटर, पुणं साडेतीनशेच्या आत. मी दोन्हीकडं अर्ज टाकले. बेंगळूरला कामं जास्त आणि पगारही बरे. पुण्यात ओळखी, भाऊबंद, आणि शनिवारी पहाटे गाव गाठता येतं. भाषेचं म्हणाल तर पुण्यातल्या पहिल्या महिन्यात एकानं मला "तुम्ही कन्नड का?" म्हणून विचारलं आणि बेंगळूरच्या मुलाखतीत "तुम्ही महाराष्ट्राचे ना?" म्हणून. सीमाभागातल्या माणसाला याची सवय असते.

मुलाखतींपैकी एक मनात राहिली. तांत्रिक फेरी चांगली गेली. दोन राउटर ओएसपीएफमध्ये, म्हणजे एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धतीत, 'एक्सस्टार्ट' या सुरुवातीच्या टप्प्याला अडकलेत, पुढं जाईनात, तर काय बघाल, असं विचारलं. मी म्हटलं दोन्हीकडचा एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा मोठ्यात मोठा आकार, सारखा आहे का ते आधी बघीन. समोरचा तरुण खूश झाला. मग एचआरची बाई आली आणि पगाराच्या आकड्यावर बोलता बोलता म्हणाली, "तसं तुम्हाला पेन्शन आहेच ना सर." हा प्रश्न पुढं आणखी ठिकाणी आला, आणि तो विचारणारा प्रत्येक जण तितकाच गोड हसत विचारतो. मी सांगितलं, पेन्शन मागच्या कामाची आहे, ती तुमच्या हिशेबात धरायची नाही. त्या कंपनीनं पुढं कळवलंच नाही. चाळिशीतला फौजी कमी पैशात पडून राहील, सोडून जाणार नाही, हे गणित बाजारात आहे, आणि त्याला उत्तर देण्याची तयारी घरून करून जावी. खोटं कशाला बोलू, पेन्शन नसती तर त्या दिवशी माझाही आवाज एवढा निघाला नसता.

शेवटी पुण्यात दुसऱ्या एका कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, बोलीभाषेत 'नॉक'मध्ये, एल-वनला लागलो. सगळ्यात खालची पायरी. भिंतीवर स्क्रीन, त्यावर लाल-हिरवे ठिपके, लाल झाला की तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, तिकिटाला मुदत, मुदत चुकली की वरून फोन. रात्रपाळीचा मला त्रास झाला नाही, टीममधल्या पोरांना व्हायचा. हँडओव्हरची वही मी मागितली तर सगळे हसले, सगळं टूलमध्ये असतं म्हणाले. टूलमध्ये असतं ते 'वॉचिंग' एवढंच. काय केलं, काय केलं नाही, कुणाशी बोलणं झालं आणि पुढच्यानं कुठून सुरू करायचं, हे ड्यूटी रूमच्या लॉगबुकात लिहिल्यासारखं मी तिकिटात लिहायला लागलो. काही महिन्यांनी आमच्या लीडनं त्याचाच नमुना सगळ्यांना पाठवला.

लीडचं वय माझ्या निम्म्याहून थोडं जास्त. पहिल्या दिवशी मी उभा राहून 'सर' म्हटलं तर तो बिचारा लाजून खुर्चीतून उठला. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, अगदी डायरेक्टरलाही. ते जमायला मला वेळ लागला, आणि त्याहून वेळ लागला एका दुसऱ्या गोष्टीला. मीटिंगमध्ये चुकीचा निर्णय होतोय हे दिसत असताना तोंडून 'ठीक है साहब' यायचं. फौजेत वरच्याला वेगळं मत सांगायची एक रीत असते; ते मीटिंगच्या आधी किंवा नंतर, एकट्याला सांगायचं, चारचौघांत नाही. इथं चारचौघांत सांगितलं नाही तर तुमचं मतच नव्हतं असं धरतात. सिव्हिलमधली शिस्त ही आहे, आणि ती आमच्याकडं नसते. हे मला कुठल्याच पुनर्वसन कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती गोदामाची लाइन. एका ग्राहकाच्या गोदामाला जाणारी फायबरची लिंक रोज संध्याकाळी पडायची आणि सकाळी कुणी काही न करता सुरू व्हायची. आठवडाभर सगळे कॉन्फिगरेशन बघत होते. पोर्ट बदलला, फायबर जोडायचं एसएफपी मॉड्यूल बदललं, सर्व्हिस प्रोव्हायडरनं बाहेरची लाइन तपासून स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. तिकीट माझ्या पाळीला आलं तेव्हा मी फक्त एवढंच बघितलं की पलीकडून येणारा उजेड किती आहे. राउटरला ते विचारता येतं, आकडा डीबीएम या एककात मिळतो; उणे जितकं जास्त तितका उजेड कमी. दिवसा उणे नऊच्या आसपास, आणि लिंक पडल्यावर उणे चोवीस. त्या जातीच्या मॉड्यूलला उणे एकोणीसच्या खाली दिसेनासं होतं. म्हणजे तार तुटलेली नव्हती, कुठंतरी दाबली जात होती. फायबर तुटलं तर संपतं, वाकलं तर गळतं. आम्ही लाइनवर असताना १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा उजेडाच्या दोन्ही तरंगलांबींवर मोजायचो, कारण वाकलेल्या जागी १५५० चा उजेड जास्त गळतो, आणि त्यातल्या फरकावरून तुटकी जागा कुठली आणि पिळलेली कुठली ते कळतं.

गोदामातल्या माणसाला फोन लावला. मराठीच होता, साताऱ्याकडचा. म्हटलं, "दादा, संध्याकाळी त्या लोखंडी कपाटाला हात लावता का कुणी?" म्हणाला, "जाताना रॅकचं दार लावून कुलूप घालतो की, सकाळी उघडतो." म्हटलं, "आत्ता उघडा." फोन चालू असतानाच ठिपका हिरवा झाला. पिवळी पॅच कॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी जोडतार, दाराच्या बिजागरीत चेपत होती.

दुसऱ्या दिवशी लीडनं सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि काय म्हणाला? "आर्मीची शिस्त!" मी या वेळी गप्प बसलो नाही. म्हटलं, शिस्त नव्हे, फायबर. सगळे हसले, तोही हसला, पण त्यानंतर फिजिकल लाइनचं काही असलं की तिकीट माझ्याकडं यायला लागलं, आणि वर्ष-दीड वर्षात मी एल-टूला गेलो.

फौजेनं जे दिलं नव्हतं त्याची यादीही छोटी नाही. क्लाउड मला आलाच नाही कधी, तो इथं येऊन शिकलो, अजून शिकतोय. पन्नास राउटरवर एकच बदल करायचा असेल तर पन्नास वेळा लॉगिन करणारा माणूस आता कुणाला नको आहे; पायथॉनची स्क्रिप्ट लिहा किंवा अन्सिबल हे सगळीकडं एकदम बदल करणारं टूल चालवा. बीसीएतलं प्रोग्रॅमिंग धूळ झटकून बाहेर काढावं लागलं. टीममधली एक मुलगी, बेळगावच्याच कॉलेजातून आलेली, जेवणाच्या सुट्टीत मला गिट (कोडमधले बदल सांभाळायचं टूल) शिकवायची आणि बदल्यात मी तिला केबलचं टेस्टिंग. तिच्या घरचे तिला कुंदा पाठवायचे, तो डबा मात्र शिकवणीच्या फीत धरलेला नव्हता.

आता अधूनमधून मला मुलाखतींना बसवतात. अर्ज आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनकडूनही येतात. माजी सैनिक समोर आला की बाकीचे पॅनलवाले त्याच्याशी आदरानं बोलतात आणि अवघड काही विचारत नाहीत. हा आदरच त्याला खाली ओढतो. मी विचारतो, शेवटचा फॉल्ट कुठला शोधलात, पहिल्यापासून सांगा. एकानं 'आदेशानुसार कार्यवाही केली' यापलीकडं काही सांगितलं नाही. त्याला मी नाही म्हटलं, आणि ते घरी जाऊन बायकोला सांगताना जड गेलं. दुसरा एक नायक, बायोडेटा तोच जुना शिस्तप्रिय नमुना, पण जनरेटरच्या अर्थिंगमुळं एक्सचेंजमध्ये गुरगुर कशी येत होती ते सांगायला लागला तर वेळ संपल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला घेतलं.

सध्या माझं डोकं खाणारा उमेदवार घरचाच आहे. बहिणीचा मुलगा अग्निवीर झाला. त्याचं ट्रेनिंग कॅम्पातच झालं, सुट्टीला आला की माडीवरच्या त्या आवाज करणाऱ्या स्विचपाशी बसतो आणि विचारतो, "मामा, मीपण तुमच्यासारखंच करू काय?" आणि मला त्याला हो म्हणता येत नाही. २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षं, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच मुलं कायम. बाहेर पडणाऱ्याला सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, पेन्शन नाही. मी एल-वनच्या पगारावर पुण्यात तग धरला तो घरी दर महिन्याला पेन्शन येत होती म्हणून. त्याच्याकडं ती उशी नाही. उलट त्याच्याकडं वय आहे. तेविसाव्या वर्षी एल-वनला लागणं म्हणजे वेळेवर लागणं. शिवाय तो इन्फंट्रीचा, त्याच्या हातून रोज राउटर जात नाही. म्हणून त्याला सांगितलंय की डिग्रीचा फॉर्म आत्ताच भर, प्लाटूनमध्ये रेडिओचं किंवा कम्प्युटरचं जे काम निघेल ते मागून घे, आणि सेवानिधीतले निदान दोन लाख शिकण्यासाठी आणि पहिल्या सहा महिन्यांच्या पुण्यातल्या खोलीभाड्यासाठी बाजूला राहू देत.

तो तयार आहे. त्याच्या आईला मात्र त्या पैशात घरावर स्लॅब घालायचाय, आणि गणपतीला सगळे जमलो तेव्हा मोजून बघितलं तर घरातली बहुतेक मतं तिच्या बाजूची निघाली.